लघवी गळण्यावरची जाळीची पट्टी : बसवण्यापूर्वी वाचायचे परीक्षण

खोकताना, शिंकताना, मोठ्याने हसताना किंवा भरलेली बादली उचलताना लघवी गळते, या तक्रारीवर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर लाखो स्त्रियांवर एकच शस्त्रक्रिया झाली आहे : मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची, जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी बसवणे. डॉक्टर तिला स्लिंग किंवा टेप म्हणतात, आणि केसपेपरवर बहुधा टीव्हीटी किंवा टीओटी अशी अक्षरे लिहिलेली असतात. हे परीक्षण त्या पट्टीचे आहे, कोणत्याही रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांचे नाही. माझ्या स्वतःच्या शरीरात ही पट्टी आहे आणि तिच्याविषयी माझे मत मी सुरुवातीलाच नोंदवते. पट्टी तिचे काम करते आणि बहुतेक जणींना ती पुढे फारसा त्रास देत नाही; मात्र ज्या थोड्या जणींना त्रास होतो, त्यांच्या शरीरातून ती जशी घातली तशी सहज काढता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट संमतिपत्रावर सही घेताना पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही.

स्वीडनमधील उल्फ उल्म्स्टेन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी या तक्रारीवर बर्च यांची शस्त्रक्रिया केली जाई. तिच्यात पोट उघडून योनीच्या भिंतीला टाके घालून वर आधार द्यावा लागे आणि काही दिवस रुग्णालयात राहावे लागे. त्यामानाने अर्ध्या तासात उरकणारी, योनीत एक आणि बाहेर दोन बारीक छेद घेऊन होणारी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवणारी ही पद्धत स्त्रियांना आणि डॉक्टरांना आवडली, यात नवल नाही. मूळ पद्धतीत, म्हणजे टीव्हीटीत, पट्टीची टोके जघनास्थीच्या (ओटीपोटाखाली पुढच्या बाजूला असलेल्या हाडाच्या) मागून ओटीपोटाच्या खालच्या भागात वर काढतात. फ्रान्समधील देलॉर्म यांनी २००१ मध्ये दुसरी वाट सुचवली, तिच्यात टोके जांघेतून, कटीच्या हाडातील छिद्रामधून बाहेर काढतात, तीच टीओटी. या दोन वाटांचे धोके वेगवेगळे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

आधी गुणांविषयी लिहिते, कारण ते खरे आहेत. अमेरिकेत ५९७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका वर्षानंतर तपासणीच्या निकषांवर पहिल्या वाटेने पट्टी बसवलेल्यांपैकी ८०.८ टक्के आणि जांघेच्या वाटेने बसवलेल्यांपैकी ७७.७ टक्के स्त्रियांच्या शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या. उत्तर युरोपात नव्वद स्त्रियांचा सतरा वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणींची लघवी तेव्हाही गळत नव्हती, आणि जाळी उघडी पडल्याचे एकच, लक्षणविरहित उदाहरण आढळले. या आकड्यांचा रोजच्या जगण्यातला अर्थ ज्या बाईने हा त्रास काढला आहे तिलाच कळेल. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी सकाळपासून पाणी न पिणे, लग्नाच्या कार्यालयात शिरताच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवणे, गडद रंगाचीच साडी नेसणे, नातवंडाला उचलून घेताना मनात धास्ती बाळगणे, हे सगळे ज्या पट्टीने थांबते तिला मी वाईट म्हणणार नाही. माझेही गळणे शस्त्रक्रियेनंतर थांबले आणि आजही थांबलेलेच आहे.

आता धोके. पट्टी ओढून नेणारी सुई डॉक्टरांना दिसत नाही, ती हाताच्या अंदाजाने न्यावी लागते, म्हणून जघनास्थीमागच्या वाटेत मूत्राशयाला भोक पडण्याची शक्यता असते. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर हे प्रमाण सुमारे साडेचार टक्के दिसते, तर जांघेच्या वाटेत एक टक्क्याहूनही कमी. शस्त्रक्रिया चालू असतानाच दुर्बीण घालून मूत्राशय पाहिले आणि सुई आत आलेली दिसली, तर ती काढून पुन्हा नीट घालता येते व काही दिवस कॅथेटर ठेवल्यावर जखम सहसा भरून येते. पण दुर्बीण घातलीच नाही तर जाळी मूत्राशयातच राहते, तिच्यावर पुढे खडे धरतात आणि वारंवार जंतुसंसर्ग होत राहतो. पट्टी जरा घट्ट बसली तर लघवी नीट होत नाही, जोर करावा लागतो, धार अडकते. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत या कारणासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या वाटेत २.७ टक्के होते, जांघेच्या वाटेत शून्य. हा त्रास लवकर सांगितला तर पट्टी सैल करणे किंवा मध्ये कापणे शक्य असते, त्यामुळे ‘आठवडाभर थांबा, आपोआप होईल’ असे घरच्यांनी सांगितले तरी थांबू नये.

काहींना एक तक्रार मिटते आणि दुसरी सुरू होते. पूर्वी खोकल्यावर गळत असे, आता अचानक घाईची लघवी लागते आणि स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे अवघड होते. पट्टी या घाईच्या लघवीवरचा इलाज नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी आपला त्रास दाबाचा आहे, घाईचा आहे की दोन्हींचे मिश्रण आहे, हे डॉक्टरांनी नीट विचारून, लघवीची नोंदवही ठेवायला सांगून आणि शंका असल्यास मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून ठरवायला हवे. ही पायरी गाळून ज्यांना पट्टी बसवली जाते, त्यांची निराशा टाळता आली असती असे मला वाटते.

जाळी उघडी पडणे हा या वस्तूचा सर्वांत ओळखीचा दोष आहे. योनीची त्वचा पट्टीवर पूर्ण मिटत नाही किंवा काही काळाने विरते आणि जाळीचा काठ बाहेर येतो. चाचण्यांमध्ये हे प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आढळते. पांढरे जाणे, मधूनच रक्ताचा डाग दिसणे, संबंधाच्या वेळी दुखणे, किंवा पतीला काहीतरी टोचल्याची तक्रार, ही त्याची लक्षणे आहेत. आपल्याकडे यांतले एकही लक्षण बाई सहज बोलून दाखवत नाही, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर ‘पाळी जाताना व्हायचेच’ म्हणून ते सोडून दिले जाते. पट्टी बसवलेल्या बाईच्या बाबतीत तसे सोडून देऊ नये. उघडा भाग लहान असेल तर मलम लावून किंवा तेवढाच तुकडा कापून काम भागते. जाळी मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात शिरली असेल तर मात्र प्रकरण गंभीर असते, आणि लघवीतून रक्त जाणे व पुन्हापुन्हा होणारा जंतुसंसर्ग ही त्याची खूण असू शकते.

दुखण्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ते मोजायला सर्वांत कठीण आहे. जांघेच्या वाटेने जाणारी पट्टी मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंना लागून जाते. एकत्रित चाचण्यांमध्ये जांघ दुखण्याचे प्रमाण या वाटेत ६.४ टक्के आणि जघनास्थीमागच्या वाटेत १.३ टक्के आढळले. उलट ओटीपोटावरचे दुखणे जघनास्थीमागच्या वाटेत अधिक होते. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, काहींचे ओसरत नाही. माझी पट्टी टीओटी प्रकारची आहे आणि माझी डावी जांघ अजूनही दुखते. चालताना मला काही होत नाही. पूजेला मांडी घालून बसले, उकिडवे बसून भाजी निवडली किंवा देशी पद्धतीच्या संडासात बसले, की ओढ लागते आणि उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांमध्ये चालणे, व्यायाम, संबंध यांविषयी विचारतात. दिवसातला बराच वेळ जमिनीवर बसणाऱ्या बाईच्या मांडीचे काय होते, हे मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नाही. माझे दुखणे सहन होण्याजोगे आहे. ज्यांचे सहन होण्याजोगे नाही, ज्यांना बसता येत नाही, नोकरी सोडावी लागली, संसारातली जवळीक संपली, त्यांच्या साक्षी इंग्लंड, स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलियातील चौकशांच्या अहवालांत नोंदवल्या गेल्या आहेत, आणि त्या वाचल्यावर टक्केवारीतला कोणताही आकडा लहान वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. या जाळीची छिद्रे मुद्दाम मोठी, पंचाहत्तर मायक्रॉनहून अधिक ठेवलेली असतात, कारण त्यांमधून शरीराच्या ऊती वाढाव्यात, रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींना आत जाता यावे आणि पट्टी जागेवर पक्की बसावी. भिंतीत गाडलेल्या लोखंडी सळईसारखी ती काही महिन्यांत शरीराचा भाग होते. तिच्या यशाचे कारण हेच आहे आणि ती काढण्यातली अडचणही हीच आहे. अर्ध्या तासात घातलेली पट्टी संपूर्ण काढायची तर जघनास्थीमागच्या प्रकारात पोटाच्या बाजूने आणि टीओटीत दोन्ही जांघांमध्ये छेद घेऊन, नसा व रक्तवाहिन्या सांभाळत, ऊतींमधून तिचा एकेक भाग सोडवावा लागतो. असे करू शकणारे शल्यचिकित्सक मोजके आहेत. पुष्कळदा मधला तुकडाच काढतात आणि टोके आतच राहतात. काढल्यावरही दुखणे थांबेलच याची खात्री नसते, आणि गळणे अनेकींना पुन्हा सुरू होते. साध्या एक्स-रेमध्ये किंवा सीटी स्कॅनमध्ये ही जाळी नीट दिसतही नाही. तिचा माग घेण्यासाठी योनिमार्गाजवळून केलेली, या विषयाचा सराव असलेल्या व्यक्तीने पाहिलेली सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. हे सर्व कळल्यावरही मी कदाचित पट्टी बसवून घेतली असती, पण तो निर्णय मी पूर्ण माहितीनिशी घेतला असता. माझ्या संमतिपत्रावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलीचे धोके छापलेले होते; जाळी काढावी लागली तर काय होईल, याविषयी एक ओळही नव्हती.

किती जणींना काढावी लागते, याचे उत्तर इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासातून मिळते. २००६ ते २०१५ या काळात पट्टी बसवलेल्या ९५,०५७ स्त्रियांच्या रुग्णालयीन नोंदी तपासून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पट्टी पूर्ण किंवा अंशतः काढण्याचे प्रमाण पहिल्या वर्षात १.४ टक्के, पाच वर्षांत २.७ टक्के आणि नऊ वर्षांत ३.३ टक्के होते. गळणे परतल्यामुळे केलेल्या शस्त्रक्रिया धरून नऊ वर्षांत ६.९ टक्के स्त्रियांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. इंग्लंडच्याच नोंदींवर आधारलेल्या आणखी एका अभ्यासाने सर्व प्रकारच्या गुंतागुंती धरून ९.८ टक्के हा आकडा दिला. मला हे आकडे किमान वाटतात, कारण रुग्णालयात पुन्हा दाखल न होता गोळ्या घेत दुखणे सहन करणारी बाई अशा नोंदीत येतच नाही. पहिल्या अभ्यासात टीओटी काढण्याचे प्रमाण जघनास्थीमागच्या पट्टीपेक्षा कमी दिसते. त्यावरून टीओटी अधिक सुरक्षित असा निष्कर्ष मी काढणार नाही. जी पट्टी काढणे अधिक अवघड आहे ती कमी वेळा काढली जाणे साहजिकच आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना विशेष वैद्यकीय कारण नसेल तर टीओटी सुचवू नये असे सांगतात, आणि जघनास्थीमागून पट्टी बसवताना ती कायमची आहे व पूर्ण काढता येईलच असे नाही, हे बाईला स्पष्ट सांगावे असेही बजावतात. मी मागते आहे ते एवढेच वाक्य.

ही वस्तू बाजारात आली कशी, हे जाणून घेतल्यावर माझा तिच्यावरचा विश्वास कमी झाला. अमेरिकेत एखादे उपकरण आधीच्या उपकरणाशी मिळतेजुळते असल्याचे दाखवले की मानवी चाचण्यांशिवायही परवानगी मिळू शकते. टीव्हीटीला १९९८ मध्ये अशी परवानगी मिळाली तेव्हा आधारासाठी दाखवलेले उपकरण प्रोटेजेन ही पट्टी होती, आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, प्रोटेजेन तिच्या गुंतागुंतींमुळे बाजारातून परत घेतली गेली. टीव्हीटीचे साहित्य आणि विणकाम वेगळे होते व तिचे पुढचे अभ्यास चांगले निघाले, हे मान्य करावेच लागते. तरीही आधार मागे घेतला गेल्यावर त्याच्यावर उभ्या राहिलेल्या परवानगीची नव्याने तपासणी व्हायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये जाळीच्या दुष्परिणामांची चौकशी करणाऱ्या बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीच्या शिफारशीवरून जुलै २०१८ मध्ये पट्टीच्या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या आणि जुलै २०२० मध्ये त्यांचा अहवाल आला. कॅथ सॅन्सम यांच्यासारख्या, स्वतः त्रास भोगलेल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला नसता तर ही चौकशी झाली नसती. स्कॉटलंडने सप्टेंबर २०१८ मध्ये पट्ट्या बसवणे थांबवले, आणि ज्या स्त्रियांनी स्वतःच्या पैशाने, काहींनी थेट अमेरिकेत जाऊन, जाळी काढून घेतली त्यांचा खर्च परत देण्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. न्यूझीलंडनेही २०२३ मध्ये स्थगिती दिली. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये अशा जाळ्या बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यात धोक्यांची पुरेशी सूचना न देणे हा मुख्य ठपका होता. अमेरिकेत २०१९ मध्ये जी बंदी आली ती अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर आली, लघवी गळण्यावरच्या पट्टीवर नाही. मोठी जाळी आणि अरुंद पट्टी यांच्या धोक्यांत बराच फरक आहे, म्हणून या दोन गोष्टींची गल्लत करून, पट्टी बसवून सुखात असलेल्या बाईने घाबरू नये.

पर्यायांकडे वळते. नाइसच्या सूचनांनुसार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम किमान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली करणे ही पहिली पायरी आहे. घरी कागद वाचून चार दिवस केलेला व्यायाम त्यात धरता येत नाही. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर सुधारणा झाल्याचे पट्टीच्या गटात ९०.८ टक्के आणि फिजिओथेरपीच्या गटात ६४.४ टक्के स्त्रियांनी सांगितले, आणि व्यायामाच्या गटातील निम्म्या स्त्रिया पुढे शस्त्रक्रियेकडे वळल्या. हे आकडे पट्टीच्या बाजूने सांगितले जातात, पण मी ते उलट बाजूनेही वाचते : उरलेल्या निम्म्या स्त्रियांना त्या वर्षात शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. जाळीऐवजी पोटाच्या भिंतीतील स्वतःच्याच ऊतींची पट्टी काढून बसवता येते. अमेरिकेतील ६५५ स्त्रियांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर या पद्धतीचे यश ६६ टक्के आणि बर्च शस्त्रक्रियेचे ४९ टक्के होते, मात्र लघवी अडकण्याचा त्रास पहिल्या पद्धतीत १४ टक्के स्त्रियांना झाला आणि दुसरीत २ टक्के स्त्रियांना. मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलचे इंजेक्शन देण्याचा मार्गही आहे. त्याचा परिणाम कमी असतो आणि पुन्हा द्यावे लागू शकते, पण वय किंवा इतर आजारांमुळे मोठी शस्त्रक्रिया नको असलेल्यांसाठी तो विचारात घेण्यासारखा आहे. एकाच छेदातून बसवायची आखूड पट्टी नवी आणि सौम्य म्हणून सुचवली जाते. ब्रिटनमधील २०२२ च्या चाचणीत तीन वर्षांनंतर संबंधाच्या वेळी दुखण्याचे प्रमाण या पट्टीत ११.७ टक्के आणि नेहमीच्या पट्टीत ४.८ टक्के आढळले, त्यामुळे लहान म्हणजे निर्धोक असे मी समजणार नाही.

भारतात ही पट्टी आजही बसवली जाते. मला कोणी विचारले तर मी असे सांगेन : गळण्याने जगणे अडले असेल, तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक पडला नसेल, त्रास खोकण्या-शिंकण्याचाच आहे हे तपासून ठरले असेल आणि पुढे मूल नको असेल, तर जघनास्थीमागची पट्टी हा पर्याय समोर ठेवण्याजोगा आहे. आधीपासूनच ओटीपोटात, कंबरेत किंवा जांघेत जुनाट दुखणे असलेल्या बाईने मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. डॉक्टर वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, बसवताना दुर्बिणीने मूत्राशय पाहतात का, आणि काढण्याची वेळ आली तर ते स्वतः काढतील की दुसरीकडे पाठवतील, हे प्रश्न विचारण्यात संकोच वाटू देऊ नये; घरातल्या कोणाला तरी सोबत नेले तर उत्तरे लक्षात राहतात.

शस्त्रक्रियेनंतर पट्टीच्या वेष्टनावरचे चिकटपत्र, ज्यावर कंपनीचे नाव, प्रकार आणि बॅच क्रमांक असतो, ते मागून घेऊन स्वतःच्या फाइलमध्ये लावावे, कारण पुढे दुसऱ्या डॉक्टरांना पट्टी कोणत्या वाटेने गेली आहे हे कळल्याशिवाय ती शोधणेही जड जाते. मला ते फार उशिरा, पुष्कळ खटपटीनंतर मिळाले. त्रास झाला तर वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम आपल्या देशात २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. आपल्या डॉक्टरांना तिथे अहवाल पाठवायला सांगावे आणि त्याची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवावी.